पुष्पावती मावशींच्या नावासमोरचा रकाना

खुर्चीवरून उठताना, मग ते पाणी प्यायला का असेना, सम्राट स्क्रीनला कुलूप लावून उठायचा.

दुसरं कोणी पासवर्ड टाकायला लागलं की तो मान फिरवून खिडकीबाहेर पाहायचा. समोरचा ‘झालं’ म्हणेपर्यंत वळायचा नाही.

फोल्डरला नाव देण्याआधी ते कागदावर लिहून पाहायचा.

जिन्याखालच्या अडगळीत सर्व्हर होता. तिथं जाताना चप्पल बाहेर काढायचा. धूळ जाते म्हणून, असं सांगायचा.

मोटारसायकलवर मागं बसलेल्या माणसाशी बोलायचं असेल तर गाडी कडेला घेऊन थांबायचा.

पुष्पावती मावशींना ऑफिसात सगळे ‘ए पुष्पा’ म्हणायचे. तो एकटा ‘अहो मावशी’ म्हणायचा.

शर्टाच्या खिशात निळ्या पुठ्ठ्याची छोटी वही असायची. तिच्यात पेनानं लिहिलेलं पक्कं आणि पेन्सिलीनं लिहिलेलं अजून व्हायचं, असा त्याचा नियम होता.

ही यादी मी त्याच्या जलदानविधीच्या दिवशी, मंडपात बसून, मोबाईलवर लिहिली. काहीतरी करायला हवं होतं. विद्यालयाच्या वार्षिक अंकासाठी त्याच्यावर लिहायला मला नंतर सांगण्यात आलं. मी मराठीत एम.ए. केलंय, म्हणून. मला ते शिक्षण आज काही कामाला येत नाही. मी फक्त जे घडलं ते लिहितो.

सम्राट आणि मी, दोघंही खर्ड्याचे. नोकरी जामखेडच्या या विद्यालयात. मी कनिष्ठ लिपिक, तो संगणक ऑपरेटर. तो मानधनावर होता. दर वर्षी नवी ऑर्डर निघायची. या वर्षी त्याला कायम करायचं ठरत आलं होतं. आम्ही दोघं त्याच्या मोटारसायकलवरून रोज येत-जात असू.

आमच्या विद्यालयात जुनी जनरल रजिस्टरं आहेत. एकोणीसशे अठ्ठेचाळीसपासूनची. शाळेत नाव घातलेल्या प्रत्येक मुलाची जन्मतारीख, गाव, धर्म, जात त्यांत आहे. आज त्या मुलांची नातवंडं उतारा मागायला येतात. जातपडताळणीला आजोबाची नोंद लागते. सम्राटचे आजोबा रखमाजी यांची नोंदही त्यांतच आहे. छप्पन्न सालच्या धर्मांतराआधीची, म्हणून धर्म आणि जात जुनीच.

कागद वाळलेल्या पानासारखा झाला आहे. म्हणून सम्राटनं सगळी रजिस्टरं स्कॅन करायला घेतली. पुष्पावती मावशी पान उलटायच्या, तो स्कॅन करायचा. कोणतं रजिस्टर कोणत्या गाठोड्यात, हे फक्त मावशींना माहीत होतं. त्या शिपाई आहेत. सातवी शिकलेल्या. त्यांचीही दर वर्षी ऑर्डर निघते. घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच.

स्कॅन केलेली पानं सर्व्हरवरच्या ‘जुनी रजिस्टरं’ या फोल्डरमध्ये जायची. ऑफिसातल्या सहाही मशीनवरून तो फोल्डर दिसायचा. आणि सहाही मशीनवर एकच नाव चालायचं: ‘ऑफिस’. पासवर्डही एकच. तो हेडक्लार्क गोरक्षनाथ नानांच्या टेबलावरच्या काचेखाली, रेल्वेच्या वेळापत्रकाशेजारी लिहिलेला होता. ज्याला जे हवं ते उघडायचं. हवं ते बदलायचं. सम्राट आला तेव्हापासून म्हणत होता की प्रत्येकाचं नाव वेगळं पाहिजे.

नाना म्हणायचे, “आरं, एका घरात ऱ्हातो आपन. घरात काय प्रत्येकाचा दरवाजा येगळा असतो व्हय?”

सम्राट हसायचा आणि विषय सोडायचा. हे त्याचं चुकलं, असं त्यानंच नंतर लिहून दिलं.

गेल्या खंडेनवमीला तो नागपूरला दीक्षाभूमीवर गेला होता. आईला, सुमनबाईंना, घेऊन. दर वर्षी जायचा.

त्या दिवशी आमच्याकडे पूजा असते. शाळेची घंटा, कुदळ, प्रयोगशाळेतले तराजू, आणि आता मशीनही. मी मशीन बंद करायला गेलो तर नाना म्हणाले, “ओंकार, बंद कशापायी करतो? मेलेल्याची पूजा करायची का? चालू ठेव.”

मी चालू ठेवलं. सकाळी एका उताऱ्यासाठी मी ‘जुनी रजिस्टरं’ शोधली होती. खिडकी तशीच उघडी होती, तो फोल्डर निवडलेला, निळ्या पट्टीखाली होता. पूजेची सगळी तयारी झाली आणि कापूर नाही असं कळलं. नाना मावशींवर ओरडले. मावशी पिशवी घेऊन दुकानाकडे पळाल्या.

तेवढ्यात मी मशीनला हळदी-कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला आणि कीबोर्डवर नारळ ठेवला. उजव्या टोकाला, आकड्यांच्या बटणांवर. तिथं तो गडगडत नव्हता. फोटो काढून झाल्यावर उचलला. मावशी कापूर घेऊन आल्या. आरती झाली. नारळ फोडला. सगळ्यांनी खोबरं खाल्लं.

सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा ‘जुनी रजिस्टरं’ सर्व्हरवर नव्हती.

आपल्या मशीनवरचं काही पुसलं तर ते कचऱ्याच्या डब्यात सापडतं. सर्व्हरवरचं पुसलं तर सापडत नाही. सम्राटकडे जुलैपर्यंतची प्रत होती. त्यानंतरचं तीन महिन्यांचं काम गेलं होतं.

नानांनी आधी मावशींचं नाव घेतलं. त्यात दुष्टपणा नव्हता. मावशी रोज सकाळी ओल्या फडक्यानं कीबोर्ड पुसायच्या, मशीन चालू असलं तरी. नानांनी दोनदा टोकलं होतं. सगळ्यांना ते पटलं. मलाही पटवून घ्यायला सोपं गेलं.

मावशी म्हणाल्या, “म्या त्या दिशी फडकं हातात बी धरलं न्हाई. माज्या लेकराची आन.”

“मग काय भुतानं पुसलं?” नाना म्हणाले.

मोठ्या सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, मावशींना कारणे दाखवा नोटीस दिली. डिसेंबरात त्यांची ऑर्डर निघायची होती. ती थांबवली.

सम्राट दोन दिवस सर्व्हरपाशीच होता. तिसऱ्या दिवशी मला बोलावून त्यानं एक खूण दाखवली. गेलेला फोल्डर ज्या मोठ्या फोल्डरमध्ये होता, त्याच्यावर शेवटच्या बदलाची वेळ होती. खंडेनवमी, सकाळी अकरा एक्केचाळीस.

“तेव्हा तर पूजा चालली होती,” मी म्हणालो. आणि माझी नजर कीबोर्डच्या उजव्या टोकाकडे गेली.

आकड्यांच्या बटणांमध्ये खाली, एकाला एक लागून, डिलीट आणि एंटर आहेत. एकानं पुसायचं, दुसऱ्यानं ‘हो’ म्हणायचं. हे मला त्या क्षणी कळलं. मी त्याच्याकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर पाहत होता. कोणी पासवर्ड टाकताना पाहतो, तसा.

मी माझ्या टेबलाकडे परत गेलो.

दुसऱ्या दिवशी तो मोठ्या सरांकडे गेला. मला फाईल धरायला सोबत नेलं. अकरा एक्केचाळीसला मावशी कापूर आणायला बाहेर होत्या, दुकानदार सांगेल, एवढं त्यानं सांगितलं.

“मग मशीनवर कोण होतं?” सरांनी विचारलं.

मी उभा होतो. हातात फाईल होती.

“ऑफिस होतं, सर,” सम्राट म्हणाला. “मशीन तेवढंच सांगतं. सहा माणसांना एक नाव मी चालू दिलं. चूक माझी आहे. मी लेखी देतो.”

त्यानं लेखी दिलं. त्याला कायम करायचा विषय पुढच्या वर्षावर गेला. मावशींची नोटीस मागं घेतली, पण सर म्हणाले, “कोणी केलं ते कळत नाही तोवर बाईंच्या हातात मशीन द्यायचं नाही. ऑर्डरचंही तेव्हाच बघू.”

बाहेर आल्यावर सम्राटनं माझ्या हातातून फाईल घेतली. “घाम आलाय तुला, ओंकार,” म्हणाला. एवढंच.

मग त्यानं आठवडाभरात सगळं बदललं. जो तो आपल्या नावानं मशीन उघडणार. फोल्डर वेगवेगळे: दाखले, परीक्षा, पत्रव्यवहार, जुनी रजिस्टरं. प्रत्येक माणसासमोर दोन रकाने: पाहणे आणि बदलणे. ज्याला जेवढं काम, त्याला तेवढंच दार. काही पुसलं गेलं तर ते आधी एका वेगळ्या जागी जाऊन पडेल, आणि कोणी पुसलं तेही लिहिलं जाईल. रोज संध्याकाळी एक प्रत.

नाना चिडले. “परीक्षेचं फोल्डर मला उघडंना. चोवीस वर्षं झाली मला या हापिसात. आता माझ्याच घरात कडी वाजवू का?”

“नाना, दाखल्यावर तुमची सही असती. ती दुसऱ्या कुणी मारली तर चालंल?”

“हात तोडीन त्याचा.”

“हे तसंच हाय. तुमचं नाव दुसऱ्याला वापरता येऊ नये, एवढंच. तुमच्यावर आळ आला तर मशीन तुमच्या बाजूनं बोलंल.”

नानांनी खुर्ची पुढं ओढली. मग त्यांनी पासवर्ड टाकायला घेतला. सम्राट खिडकीकडे वळला. बराच वेळ गेला.

“झालं,” नाना म्हणाले. “आता लिहून घे, मी इसरीन.”

“न्हाई लिहिणार. तो तुमचा एकट्याचा.”

“बायकोला बी न्हाई सांगायचा?”

“काकूंना बी न्हाई.”

“मग लई भारी हाय,” नाना म्हणाले, आणि कितीतरी दिवसांत पहिल्यांदा ऑफिस हसलं. मावशी दाराशी उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत. त्यांना नाव मिळालं नव्हतं.

रजिस्टरांचं काम पुन्हा सुरू झालं. तीच पानं पुन्हा उलटायची. प्रत्येक उलटण्याला कागद थोडा तुटतो. रखमाजींच्या नोंदीचा कोपरा त्या वेळी सुटला. पहिल्या स्कॅनमध्ये तो शाबूत होता. मावशी हात आवरून बसल्या. सम्राटनं तो तुकडा तळहातावर घेतला. त्याच्यावर गावाचं नाव होतं. त्यानं तो पानावर जागेवर ठेवला, वर काच ठेवली आणि स्कॅन केलं.

“चला मावशी, पुढचं,” म्हणाला.

त्या संध्याकाळी मला राहवलं नाही. जामखेडच्या बाहेर, नेहमीच्या टपरीवर आम्ही चहाला थांबलो. त्याचं बिस्कीट खाऊन झालं होतं. चहात बुडवायचा नाही तो, आधी बिस्कीट, मग चहा.

“नारळ मी ठेवला होता,” मी म्हणालो.

“माहीत हाय.”

“कधीपासून?”

त्यानं मोबाईल काढला. स्टाफच्या ग्रुपवर नानांनी टाकलेला पूजेचा फोटो. कीबोर्डवर नारळ, नारळावर माझा हात, मागं स्क्रीनवर उघडी खिडकी. मावशी फोटोत कुठंच नव्हत्या. तो फोटो मीही पाहिला होता. खाली हात जोडल्याची खूण टाकली होती.

“मग सरांना का नाही दाखवलास?”

“तू शेजारीच हुता की. मला वाटलं तू बोलशील.”

मी चहाचा ग्लास बाकावर ठेवला.

“मी दाखवला असता तर तू पकडला गेला असता,” तो म्हणाला. “तू सांगितलं तर ते येगळं. चुकून झालंय, कुनी फाशी देनार न्हाई. पन मावशींची ऑर्डर अडकलीय. तेवढं ध्यानात ठेव.”

“सांगतो,” मी म्हणालो. “या आठवड्यात सांगतो.”

“सांग.”

त्या आठवड्यात मी सांगितलं नाही. पुढच्याही नाही. सर बाहेरगावी होते, मग संमेलन होतं, मग तपासणी होती. खरं कारण एवढंच, की आता उशिरा सांगणं हे चुकण्यापेक्षा लाजिरवाणं झालं होतं. सम्राटनं पुन्हा विचारलं नाही. मला त्याच्या मागं गाडीवर बसणं जड जाऊ लागलं. जानेवारीपासून मी एसटीनं जायला लागलो. उशीर होतो, थंडी वाजते, असं काहीबाही सांगितलं.

“बरं,” तो म्हणाला. “जागा हायच मागं. कवाबी ये.”

तो मावशींना शिकवत होता, हे मला नंतर कळलं. मधल्या सुट्टीत, पुठ्ठ्यावर काढलेल्या कीबोर्डवर. मशीनला हात लावायची बंदी होती, पुठ्ठ्याला नव्हती. रजिस्टरांच्या फोल्डरांना नावं मावशींनी द्यावीत, असं त्याच्या मनात होतं. कारण गाठोडी त्यांनाच ओळखू यायची. मावशींना स्वतःचं नाव टाईप करता यायला लागलं होतं, पुठ्ठ्यावर. जोडाक्षराला अडखळायच्या.

जानेवारीच्या तिसऱ्या शनिवारी, संध्याकाळी सातच्या सुमाराला, खर्डा रस्त्यावर उसाची बिघडलेली ट्रॉली उभी होती. मागं दिवा नव्हता, चमकणारी पट्टी नव्हती. सम्राट एकटा होता. मी अर्ध्या तासापूर्वीच्या एसटीत होतो.

यावर मला याहून जास्त लिहिता येत नाही.

सोमवारी ऑफिस उघडलं. प्रत्येकानं आपापलं नाव टाकलं, आपापला पासवर्ड टाकला. प्रत्येकाला आपापलं काम दिसलं. नाना टेबलाशी बसून राहिले. “पोरानं सगळं नीट लावून ठिवलं बघ,” म्हणाले.

जलदानविधीच्या दुसऱ्या दिवशी मी मोठ्या सरांकडे गेलो. फोटो दाखवला. सगळं सांगितलं. सरांनी फोटो मोठा करून पाहिला.

“त्याला माहीत होतं?”

“हो.”

“आणि त्यानं स्वतःवर घेतलं. तू समोर उभा असताना.”

“हो, सर.”

सरांनी मोबाईल मला परत दिला. मग म्हणाले, “बाईंची ऑर्डर मी आज काढतो. तुझं काय करायचं ते मला सुचत नाही. तू जा.”

मी मावशींकडे गेलो. त्या रजिस्टरांच्या कपाटापाशी गाठोडी बांधत होत्या. मी खाली बसून सांगितलं. त्यांनी आधी गाठ मारली.

“त्या नारळाचं खोबरं म्या बी खाल्लं,” त्या म्हणाल्या.

मग विचारलं, “सम्राटला ठावं हुतं?”

“हो, मावशी.”

“मला एका शबुदानं बोलला न्हाई. रोज भाकरी खायाला संगं बसायचा.” त्यांनी पदरानं कपाटाची फळी पुसली. पुसलेलीच होती. “तू सांगावं म्हून थांबला आसंल. त्येचं तसंच हुतं.”

त्यांनी मला रागावायला हवं होतं. त्या रागावल्या नाहीत. उठून पाणी भरायला गेल्या.

काल सुमनबाईंनी मला घरी बोलावून ती निळी वही दिली. शर्टाच्या खिशात होती. “हापिसाचं हाय, हापिसात दे,” म्हणाल्या. वही एका कडेला दुमडली आहे, बाकी ठीक आहे.

शेवटच्या पानावर त्यानं आखलेला तक्ता आहे. माणसाचं नाव, फोल्डर, पाहणे, बदलणे. अक्षर बारीक आणि सरळ. नानांसमोर दाखले, पाहणे होय, बदलणे होय. परीक्षा, पाहणे नाही. माझ्या नावासमोर जुनी रजिस्टरं, पाहणे होय, बदलणे होय. सगळं माहीत असूनही त्यानं ते होय ठेवलं होतं, पेनानं.

सगळ्यांत खाली पुष्पावती मावशींचं पूर्ण नाव आहे. पुढं, जुनी रजिस्टरं. पाहणे, होय. बदलणे हा रकाना रिकामा आहे.

त्याच्याखाली पेन्सिलीनं लिहिलंय: ओंकारनं सांगितलं की.